आजारी क्लॅम: उपचारांच्या घाईत होणाऱ्या या चुका टाळा

रीफ टँकमधला (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला) क्लॅम, म्हणजे मोठा शिंपला, रोगापेक्षा मालकाच्या घाईनेच जास्त वेळा दगावतो. सकाळी मँटल (शिंपल्याबाहेर पसरणारा रंगीत मांसल पडदा) आक्रसलेला दिसतो. दुपारपर्यंत क्लॅम दगडावरून उपटलेला असतो, संध्याकाळी त्याला गोड्या पाण्यात बुडवलं जातं आणि रात्री तो दिव्याजवळ वर नेऊन ठेवलेला असतो. इतकं सगळं एका दिवसात केल्यावर त्याला मुळात काय बाधलं होतं, हे शोधायचं कसं?

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ओढणं. मॅक्सिमा आणि क्रोशिया या क्लॅमच्या जाती पायातून निघणाऱ्या बायसल धाग्यांनी दगड घट्ट धरून बसतात. हे धागे चिवट असतात. क्लॅम ओढला की धाग्यांचा जुडगा पायातून उपटून येतो आणि धागे बनवणारी ग्रंथी फाटते. फसवणूक इथेच होते, कारण क्लॅम लगेच मरत नाही. एक-दोन दिवस तो नीट उघडतो आणि आपल्याला वाटतं की जमलं. मग मँटल आत जायला लागतो, तोंड (पाणी आत घेणारं छिद्र) वासून राहतं आणि दोष पाण्याला दिला जातो.

शक्य असेल तर दगडासकट उचला. दगड हलत नसेल तर क्लॅमची एक कड अगदी किंचित तिरकी करा आणि पातळ पातं दगडाला टेकवून धागे दगडालगत कापा, पायालगत नको. उरलेला जुडगा क्लॅम स्वतःच टाकून देतो आणि नवे धागे काढतो. काचेला चिकटला असेल तर पातं काचेवर सपाट ठेवून सरकवा. क्रोशिया दगडात रुतून बसतो, तेव्हा आजूबाजूचा दगड छिन्नीने फोडा. वेळ जास्त लागतो, पण दुसरा रस्ता नाही. क्लॅम पाण्याबाहेर आला असेल तर परत ठेवताना पाण्याखालीच हलके कलता करून आतली हवा जाऊ द्या. पाय दुखावला असेल तर सपाट दगडावर, मंद प्रवाहात उभा ठेवा आणि जखम बघायला रोज उलटा करू नका.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक दुखण्यावर फ्रेशवॉटर डिप, म्हणजे क्लॅम गोड्या पाण्यात बुडवणं. हा उपाय ‘पिंच्ड मँटल’साठी आहे: बाकीचा मँटल पसरलेला असतो, पण कडेचा एखादा भाग दोऱ्याने आवळल्यासारखा आत ओढलेला राहतो. आत येणाऱ्या पाण्याचं छिद्र ताणून उघडं पडलेल्या, थकलेल्या क्लॅमला डिप देणं म्हणजे त्याला संपवणं. डिप द्यायचाच असेल तर आरओ-डीआय (फिल्टरने क्षार काढलेलं शुद्ध) पाणी आधी एअरस्टोनच्या बुडबुड्यांनी चांगलं ढवळा, तापमान टँकइतकं करा, बफर (पीएच वाढवून स्थिर ठेवणारी पूड) घालून पीएच टँकशी जुळवा आणि मगच 20 ते 30 मिनिटं ठेवा. पीएच न मोजता थेट फिल्टरचं पाणी वापरणारे रोगाऐवजी क्लॅमच मारतात. आवळलेपण लगेच जात नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी पुन्हा डिप देऊ नका. काही दिवस थांबून बघा.

तोंड वासलेलं दिसलं तर आधी तापमान, पाण्याचा खारेपणा आणि अमोनिया तपासा. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजणारं यंत्र) 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य केलेल्या यंत्रावर विसंबू नका. अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवण्याची ताकद; डीकेएच हे तिचं एकक) 8 ते 9 डीकेएच पुरते, पण घसरली असेल तर दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका.

क्लॅम पांढरा पडला म्हणून दिवा वाढवू नका. नवा एलईडी बसवल्यावर असं झालं असेल तर तीव्रता निम्म्यावर आणा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. नायट्रेट शून्य असेल तर फिकटपणाचं कारण उपासमार असू शकतं, कारण मँटलमधल्या शैवालाला नायट्रोजन लागतो. नायट्रेट 2 ते 5 पीपीएम ठेवा.

रात्री टॉर्च घेऊन बघितल्याशिवाय ‘परजीवी नाहीत’ असं म्हणू नका. पिरॅमिडेलिड गोगलगायी तांदळाच्या कण्यांएवढ्या, पांढऱ्या असतात आणि मँटलच्या कडेला किंवा पायाच्या भोकाजवळ बसून रस शोषतात. क्लॅम टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत घेऊन शिंपला मऊ टूथब्रशने घासा, जेलीसारखी अंडीही काढा. एकदा घासून भागत नाही. काही आठवडे दर तीन-चार दिवसांनी तपासा.

शिंपल्याची कड तुटली तर गोंद लावू नका. मँटल शाबूत असेल तर तो कड स्वतः भरून काढतो.

क्लॅम सतत मिटून राहत असेल तर तासभर लांबून मासे बघा, एखादा एंजल किंवा बटरफ्लाय टोचे मारत असतो. माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध या टँकमध्ये कधीच नको.

सावली पडूनही न मिटणारा, बोट लावल्यावरही न हलणारा आणि वास सुटलेला क्लॅम ‘उद्या बघू’ म्हणून ठेवू नका. लगेच बाहेर काढा, अमोनिया मोजा, पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कार्बन लावा.