'द फ्लॅश' बघायचंय? इस्त्रीचे कपडे जवळ ठेवा

'द फ्लॅश' म्हणजे भन्नाट वेगाने पळणाऱ्या बॅरी अ‍ॅलनची अमेरिकन सुपरहिरो मालिका. मी तिचे नऊच्या नऊ सीझन बघितलेत. म्हणजे १८४ भाग. यात मिरवण्यासारखं काही नाही. माझा धाकटा भाऊ तिसऱ्या सीझनला शहाणा होऊन उठून गेला, मी बसून राहिले. आता कुणी 'बघू का गं?' विचारलं की मी हो म्हणते, पण कसं बघायचं ते सांगून.

पहिला सीझन सरळ बघा. २०१४ चा, २३ भागांचा. दर भागाला एक नवा खलनायक येतो आणि पकडला जातो, असले भागही गाळू नका. १५ व्या भागात बॅरीच्या टीममधले शास्त्रज्ञ डॉक्टर वेल्स आणि त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर सिस्को समोरासमोर येतात, तो प्रसंग अंगावर यायला आधीचे १४ भाग त्या दोघांची थट्टामस्करी मुरलेली लागते.

तेविसाव्याला हातातलं सगळं बाजूला ठेवा. बॅरी भूतकाळात, आईच्या खुनाच्या रात्री जाऊन पोचतो. आत त्याचंच भविष्यातलं रूप असतं, ते हातानेच खुणावतं: नको. हा दाराआड थांबतो. सगळं होऊन गेल्यावर आईजवळ बसतो, मास्क काढतो आणि सांगतो, मी तुझाच मुलगा, मी आणि बाबा ठीक आहोत. एरवी क्षणभर एका जागी न ठरणारा माणूस तिथे नुसता बसलेला असतो. मी हा भाग चारदा बघितला, चारही वेळा रडले.

आणि मग दुसऱ्या सीझनच्या शेवटी हाच गडी परत मागे जातो आणि आईला वाचवतो! म्हणजे आमचं रडणं फुकट. बरं, वाचवलंस तर वाचवलंस, पुढे त्याचं काही करशील? कॉमिक्समध्ये २०११ साली याच 'फ्लॅशपॉइंट' नावाच्या गोष्टीचा केवढा पसारा मांडला होता. इथे पुढच्या सीझनच्या पहिल्याच भागात आवराआवर. भाऊ उठला तो इथे.

म्हणून दुसऱ्या सीझनपासून इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन बसायचं. दहा भागांची गोष्ट २३ भाग ताणायची म्हटल्यावर सगळ्यांना एकमेकांपासून काहीतरी लपवावं लागतं, आणि नायकाला अधूनमधून मठ्ठ व्हावं लागतं. आवाजापेक्षा जोरात पळणारा माणूस खलनायकापुढे थांबून डायलॉग मारतो आणि मार खातो. का, असं विचारू नका, डोकं दुखतं. पहिले तीन सीझन मुख्य खलनायकही पळणाराच, आणि मास्कखाली कोण हे कोडंही तेच. भाग संपत आला की कुणीतरी बॅरीला स्टार लॅब्जच्या, म्हणजे टीमच्या अड्ड्याच्या, कॉरिडॉरमध्ये गाठून 'तू करू शकतोस' सांगतं. तेवढ्यात दोन कॉलर होतात.

नवव्या भागाला मात्र मान वर करा. पहिले चार सीझन तो डिसेंबरच्या सुट्टीआधीचा, त्यामुळे त्यात काहीतरी घडवतातच.

चौथ्या सीझनचा १५ वा, 'एंटर फ्लॅशटाइम', तर सोडूच नका. शहरात अणुबॉम्ब फुटलाय आणि जवळजवळ सगळा भाग त्या एका क्षणात घडतो. बॅरी एकेकाला स्पर्श करून आपल्या वेगात ओढतो. तो माणूस जरा वेळ बोलतो, धापा टाकतो आणि पुतळ्यासारखा थिजतो. मग दुसरा. प्रत्येक वेळी बॅरी थोडा जास्त वाकलेला दिसतो, त्याचे खांदे बघा. कॉरिडॉरमध्ये नेऊन समजूत घालायला इथे कुणाला वेळच नाही! सुटका कशी होते ते सांगत नाही. माझा शर्ट एका बाहीवर राहिला होता.

पाचव्यातला आठवा हा मालिकेचा शंभरावा भाग. वेल्स झालेल्या टॉम कॅव्हानाने तो स्वतः दिग्दर्शित केलाय आणि जुन्या सीझनमधून फिरवून आणलंय.

सहाव्यात नववा भाग एकटा बघाल तर फसाल. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही एकच गोष्ट पाच मालिकांत वाटलेली आहे: आधी 'सुपरगर्ल', मग 'बॅटवुमन', मग आपला फ्लॅश, नंतर 'अ‍ॅरो', शेवटी 'लेजंड्स ऑफ टुमॉरो'. याच क्रमाने लावा.

सातव्या-आठव्यासाठी चादरी राखून ठेवा.

शेवटच्या सीझनला तेराच भाग, त्यातही नववाच बरा, 'अ‍ॅरो'चा नायक स्टीफन अमेल परत येतो म्हणून. तो लागला तेव्हा मी भावाला हाक मारली. त्याने दारात उभ्याउभ्या पाच मिनिटं बघितलं, "आता कितव्यांदा मेली याची आई?" विचारलं आणि स्वतःचे इस्त्री झालेले शर्ट उचलून निघून गेला.