वायफाय रांगतंय? केबलवाल्याला फोन लावण्याआधी या चुका टाळा

रात्री नऊच्या सुमारास टीव्हीवर गोल फिरायला लागलं की घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "नेट गेलं वाटतं, लाव त्याला फोन." केबलवाला दुसऱ्या दिवशी येतो, राउटरपाशी उभा राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट करतो, "बघा काका, पूर्ण शंभर येतंय" म्हणतो आणि निघून जातो. बेडरूममध्ये मात्र तेच रडगाणं. आणि तो बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. राउटरपर्यंत नेट पूर्ण आलेलं असतं, हरवतं ते पुढच्या वीस फुटांत.

म्हणून सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे दुखणं लाइनचं आहे की घरातल्या वायफायचं, हे न बघता थेट वरचा प्लॅन घेणं. शंभरचे दोनशे केले तरी भिंतीपलीकडे बारा येत असतील तर बाराच येणार.

आधी निकाल लावा

लॅपटॉप लॅनच्या (नेटवर्कच्या) वायरने थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा, टीव्ही आणि बाकीचे मोबाइल थोडा वेळ गप्प बसवा आणि टेस्ट घ्या. हा आकडा लाइनचा. मग त्याच लॅपटॉपवर वायफायने दोन टेस्ट घ्या, एक राउटरच्या खोलीत आणि एक जिथे अडकतं तिथे. वायरवर पूर्ण स्पीड आणि बेडरूममध्ये दहावा हिस्सा, तर केबलवाल्याचा काही दोष नाही. वायरवरच कमी असेल तर हक्काने फोन लावा.

टेस्ट घेताना ऑफिसचं व्हीपीएन बंद ठेवा, नाहीतर माप घराचं न निघता कंपनीच्या नेटवर्कचं निघेल. आणि प्लॅनमधले 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट दिसणार. ते बघून "शंभर सांगून बारा देतात" म्हणून भांडायला जाऊ नका.

भिंत बघा, मग राउटर

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत खारघर-उलव्याकडे गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या बऱ्याच टॉवरांचं बांधकाम मिवान पद्धतीचं आहे. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. त्यामुळे दोन खोल्यांमधली भिंतसुद्धा विटांची नसते, आत सळ्यांची जाळी असलेलं काँक्रीट असतं. पडद्याचा रॉड लावायला आलेल्या माणसाला जिथे ड्रिल मारताना घाम फुटतो, तिथे वायफायच्या लहरींचं काय होत असेल! नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या, विटांच्या भिंतीच्या घरात जो राउटर सगळीकडे पुरतो, तोच तेवढ्याच क्षेत्रफळाच्या नव्या फ्लॅटमध्ये मागच्या बेडरूमपर्यंत पोचत नाही.

त्यात इंटिरिअरवाला भर घालतो. राउटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून तो टीव्ही युनिटच्या शटरमागे किंवा दाराजवळच्या चपलांच्या कपाटात जातो. टीव्हीची धातूची पाठ, मोठे आरसे, लोखंडी कपाट, फिशटँक हे सगळे सिग्नल अडवतात किंवा गिळतात. शिवाय बंद कपाटात राउटर तापतो. त्याला घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवा. फायबर हॉलच्या कोपऱ्यात येत असेल तर मोडेम, म्हणजे फायबर ज्याला जोडलेलं असतं तो कंपनीचा डबा, तिथेच राहू दे, त्यातून लॅनची वायर पॅसेजपर्यंत ओढा आणि राउटर तिथे लावा. पट्टीत घातलेली वायर चार दिवसांनी कुणाच्या लक्षातही येत नाही.

अँटेना बेडरूमच्या दिशेने रोखून ठेवणं ही लोकांची आवडती चूक. उभ्या अँटेनाचा सिग्नल त्याच्याभोवती आडव्या मेदूवड्यासारखा पसरतो, टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच जात नाही. एकाच मजल्याचं घर असेल तर अँटेना सरळ उभे ठेवा. दुमजली रो हाउस असेल तर त्यातला एक आडवा करून बघा.

दोन नावं, एक पासवर्ड, भलतीच निवड

बहुतेक राउटर लहरींचे दोन पट्टे (बँड) देतात. 2.4 गिगाहर्ट्झ लांब जातो पण हळू चालतो आणि त्यावर गर्दी असते. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. मोबाइल राउटरच्या खोलीत असूनही 2.4 ला चिकटून बसलेला असेल तर तुमचा स्पीड तिथेच गेला. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या. टीव्ही, लॅपटॉप 5 वर, आणि स्मार्ट बल्ब, कॅमेरे, लांबच्या खोल्या 2.4 वर.

2.4 मध्ये आपल्याकडे 13 चॅनेल, म्हणजे रस्त्यावरच्या लेनसारखे भाग, आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच धरायचे, 1, 6 आणि 11. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतीसारख्या खेटून असलेल्या घरांत मोबाइलवर वायफायची यादी उघडा, संपता संपत नाही. हे सगळे त्याच तीन चॅनेलांवर बोलत असतात. वायफाय ॲनालायझरचं फुकट ॲप घेऊन सगळ्यांत रिकामं चॅनेल शोधा आणि चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झच ठेवा. "40 केलं की दुप्पट स्पीड" हा सल्ला एकट्या बंगल्यासाठी ठीक आहे, चाळीस फ्लॅटच्या विंगमध्ये तो सगळ्यांचाच घात करतो. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो, म्हणून स्वयंपाकघरालगत राउटर नको.

त्याच सेटिंगच्या पानावर सिक्युरिटी बघून घ्या. जुन्या राउटरवर ती टीकेआयपी या जुन्या कूटपद्धतीवर असेल तर वायफाय 54 एमबीपीएसच्या वर जातच नाही. यादीतून डब्ल्यूपीए-टू, एईएस (WPA2-AES) हा पर्याय निवडा.

रीसेटचं भोक

राउटरच्या पाठीला बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दाबून धरलं की राउटर "ताजा" होतो, हा गैरसमज सोसायटीच्या ग्रुपवरून जोमाने पसरतो. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीने कनेक्शनसाठी घातलेला) आकडा सगळं पुसलं जातं आणि हळू चालणारं नेट पूर्णच बंद पडतं, तेही बहुधा शनिवारी संध्याकाळी. तुम्हाला हवा असतो तो रीस्टार्ट: स्विच बंद, अर्धा मिनिट थांबा, परत चालू. रीसेट करायचाच असेल तर आधी सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

वायर आणि खोके

200 चा प्लॅन घेतला आणि वायरवरही 94-95 च्या वर जात नसेल तर कुठेतरी 100 ची अडचण आहे. स्वस्त आणि जुन्या राउटरांचे पोर्ट 100 एमबीपीएसचेच असतात. पोर्ट गिगाबिट असेल तर वायर बघा. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, 100 ला चार पुरतात. दारात चेपलेली किंवा उंदराने कुरतडलेली वायर गुपचूप 100 वर उतरते, नेट चालू राहतं आणि कुणाला संशयही येत नाही.

रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे ढकलणारं खोकं, घेणारे तो नेमका जिथे सिग्नल मरतो तिथे लावतात. त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, तर पुढे काय सांगणार? तो अर्ध्या वाटेत हवा, आणि एकाच पट्ट्यावर चालणारा असेल तर स्पीड साधारण अर्धा होणार हे धरून चाला. माझं मत विचाराल तर मिवानच्या थ्री बीएचकेला रिपीटरवर पैसे घालू नका, दुसऱ्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढा आणि तिथे ॲक्सेस पॉइंट (वायरवरून नेट घेऊन वायफाय देणारं खोकं) किंवा मेशचा, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या राउटरांच्या संचाचा, दुसरा नग लावा.

कंपनीच्या मोडेमचं वायफाय चालू ठेवून शेजारीच स्वतःचा राउटर ठेवला असेल तर दोघं एकमेकांवर ओरडत असतात. मोडेमचं वायफाय बंद करा.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 टाकल्याने साइट उघडायला क्षणभर लवकर सुरू होईल, पण डाउनलोडचा स्पीड वाढत नाही.

फक्त व्हिडिओ कॉल तुटत असेल तर अपलोड तपासा. फोटोंचा बॅकअप आणि क्लाउडवर चालणारे कॅमेरे अपलोड भरून टाकतात आणि नेट असूनही आवाज तुटतो. आणि महिनाअखेरीस अचानक सगळंच मंदावलं तर प्लॅनची डेटा मर्यादा बघा. "अनलिमिटेड" म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक प्लॅनांना महिन्याला 3300 जीबीच्या आसपास मर्यादा असते.

तक्रार करायचीच झाली तर

मोडेमवर लाल एलओएस (LOS, म्हणजे सिग्नल हरवला) दिवा लागला असेल तर बहुधा फायबर तुटलंय, घरात काही खटपट करू नका. लाल दिवा नसेल आणि वायरवर स्पीड कमी असेल तर आधी फायबरची बारीक दोरी बघा. ती फर्निचरमागे चिमटली किंवा खिळ्याला आवळून बांधली असेल तर प्रकाश गळतो. मग फोनवर "नेट स्लो आहे" एवढंच न म्हणता वायरवर घेतलेल्या दुपारच्या आणि रात्रीच्या टेस्टचे स्क्रीनशॉट पाठवा. मोडेमच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आकडा (डीबीएममध्ये) दिसत असेल तर तोही कळवा. तो उणे 15 ते उणे 25 मध्ये असला तर ठीक, उणे 27 च्या पलीकडे गेला तर माणूस पाठवावाच लागेल.