सीएसव्ही फाइल थेट उघडू नका

प्रोजेक्ट टूलमधून कामांची यादी सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये) काढली, की डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेल तारखांचा अर्थ कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे लावतं. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे तुम्हाला न विचारताच ठरतं आणि रखडलेल्या कामांचा अख्खा रिपोर्ट चुकतो. त्याऐवजी कोऱ्या शीटमध्ये ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, ‘फाइल ओरिजिन’मध्ये अक्षरांचं एन्कोडिंग ६५००१ यूटीएफ-८ ठेवा (नाहीतर देवनागरी नावांचा पार चुराडा होतो) आणि ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये तारखेच्या कॉलमला ‘युझिंग लोकेल’ने (म्हणजे फाइलमधल्या तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीच्या आहेत ते सांगून) योग्य प्रकार द्या. टास्क आयडीचा कॉलम मात्र गाळू नका. नवी यादी जुनीशी जुळवायला तोच लागतो. पिव्हट टेबल (यादीचा गोषवारा देणारा तक्ता) वेगळ्या शीटवर करा. पुढच्या वेळी त्याच जागी, त्याच नावाने नवी फाइल ठेवून ‘रिफ्रेश ऑल’ केलं की झालं.