शेपटीच्या चाकाचं विमान उतरवताना या चुका टाळा

इंदूरच्या धावपट्टीवर पुष्पक हे शेपटीखाली चाक असलेलं छोटं विमान शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. पोरं बदलली, चुका त्याच राहिल्या. सगळ्यात घातक चूक म्हणजे चाकं टेकली की उतरलो असं समजून पेडलवरचे पाय सैल सोडणं.

पुढे, नाकाखाली चाक असलेल्या सेसना विमानावर हे खपून जातं. तिथे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे विमान आपोआप सरळ होतं. पुष्पक, टायगर मॉथ, सुपर कब या शेपटीवर टेकणाऱ्या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे. शेपूट जरा सरकलं की मागचं वजन त्याला आणखी ढकलतं आणि विमान गर्रकन फिरतं. हाच ग्राउंड लूप. त्यात वेग उतरला की रडरवरचा, म्हणजे पेडलनं हलणाऱ्या शेपटीच्या उभ्या पानावरचा, वाराही उतरतो. माणूस निवांत होतो, नेमका तेव्हाच रडर दुबळा झालेला असतो.

मे महिन्यातली एक दुपार. पंचवीसची धावपट्टी, म्हणजे तोंड जवळजवळ पश्चिमेला; वायव्येचा वारा, म्हणजे उजवीकडून. शिकाऊ मुलानं तिन्ही चाकं एकदम, सुरेख टेकवली. पेडल सोडून त्यानं विचारलं, "सर, कसं झालं?" मी उत्तर देणार तोच झोत आला. नाक उजवीकडे फिरलं, डावा पंख खाली गेला आणि टोक डांबरावर घासलं. पुष्पकचा पंख कापडाचा. कापड फाटलं, आतली चौकट वाकली. चूक माझी होती. त्या वाऱ्यात माझे पाय पेडलवर असायलाच हवे होते.

तेव्हापासून माझ्या विमानात चाकं टेकल्यावर कोणी बोलत नाही, प्रोपेलर थांबेपर्यंत. नजर नाकावर नाही, धावपट्टीच्या टोकावर. हातातला कंट्रोल पूर्ण मागे ओढलेला आणि वाऱ्याच्या बाजूला वळवलेला. वेग उतरेल तसा आणखी वळवायचा. पाय सतत जागे: थोडं दाबायचं, लगेच सोडायचं. शेपूट बाजूला गेलेलं जाणवल्यावर जोरात पेडल मारलं, तर विमान उलट्या बाजूला झेपावतं.

दुसरी चूक उसळीची. वेग जास्त असताना मुख्य चाकं आपटली की शेपूट खाली बसतं, पंखांचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा वर उचललं जातं. घाबरून कंट्रोल पुढे ढकलू नका. पुढची उसळी आणखी मोठी येते, आणि शेवटी प्रोपेलर जमिनीला लागतो. पूर्ण थ्रॉटल द्या, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद, आणि वर जाऊन पुन्हा फेरी मारा. उसळी सावरण्याच्या युक्त्या आहेत, पण नवख्याला मी त्या शिकवत नाही.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवताना, नागमोडी चाला, नाकाआड काही दिसत नाही. ब्रेक जोरात दाबाल तर विमान नाकावर उभं राहील. टायगर मॉथला तर मुळात ब्रेकच नव्हते.

"सेसनावर शंभर तास झालेत, दोन चकरांत एकट्याला सोडा" म्हणणाऱ्यांना मी आधी आठवडाभर नुसती टॅक्सी करायला लावतो. तीही पहाटे. पोहे-जिलबी खाऊन दहाला येणाऱ्याला माळव्यातला उन्हाळी वारा शिकू देत नाही.

उड्डाणाआधी मी खाली बसून शेपटीच्या चाकाच्या दोन्ही स्प्रिंगा हातानं ओढून पाहतो. एक जरी सैल लागली, तरी विमान त्या दिवशी हँगरमध्येच राहतं.