औषध शेळीला नाही, लेंडीला: जंत खाणारी बुरशी वापरताना या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत एक व्हिडिओ मोबाइलवर फिरतोय. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारी अळी, तिच्या मानेला बुरशीचा चिकट फास, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘आता जंताचं औषध बंद!’ व्हिडिओ खरा आहे. खालची ओळ खोटी आहे, आणि त्या ओळीनं आटपाडी-सांगोल्याच्या पट्ट्यात पशुवैद्य म्हणून माझं जेवढं काम वाढवलंय तेवढं लांबलेल्या पावसानंही वाढवलं नसेल.

बुरशीचं नाव डडिंग्टोनिया फ्लॅग्रान्स. ऑस्ट्रेलियात ती ‘बायोवर्मा’ आणि ब्राझीलमध्ये ‘बायोव्हर्म’ या नावानं विकतात. आपल्या तालुक्याच्या दुकानांत मी ती पाहिलेली नाही. मी हाताळली ती एका पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या मित्राच्या प्रयोगशाळेत, निर्जंतुक केलेल्या मक्याच्या दाण्यांवर वाढवलेली. दोन पावसाळे, तीन कळप. त्यातली एक शेळ्यांची दावण आणि माडग्याळ जातीच्या मेंढ्यांचे दोन वाडे. पुढचं सगळं त्या अनुभवातून आणि नंतर लोकांनी केलेल्या उचापतींतून आलेलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. ही बुरशी शेळीच्या पोटात काहीही करत नाही. तिचे जाड कवचाचे बीजाणू खाद्यातून जातात, चारही पोटं पार करून जिवंत बाहेर पडतात आणि लेंडीत रुजतात. त्याच लेंडीत जंताची अंडी फुटत असतात. आपल्याकडचा मुख्य वैरी म्हणजे हिमाँकस, रक्त पिणारा, लाल-पांढऱ्या पिळाचा जंत. त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. उबदार ओलीत आठवडाभरात त्यांतून बाधक अळी तयार होते आणि दवाच्या थेंबातून गवताच्या पात्यावर चढते. बुरशीला संधी मिळते ती या आठवड्यात. अळी गवतावर पोचली की बुरशीचा खेळ संपला.

डाळिंबाची पुडी

सगळ्यात मोठी चूक, आणि मला सगळ्यात जास्त चीड आणणारी.

आमचा भाग डाळिंबाचा. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीसाठी पॅसिलोमायसिस नावाच्या बुरशीची भुकटी इथल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळते. एका पावसाळ्यात ओळखीच्या एका आण्णांचा फोन आला, चार शेळ्या खाली बसल्यात, उठत नाहीत. गेलो. चौतीस शेळ्या, बहुतेक उस्मानाबादी. पहिल्याच शेळीची पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. आण्णांना वाटत होतं घटसर्प. घटसर्पात ताप असतो, सूज गरम आणि दुखरी असते. ही सूज गार होती, बोटानं दाबली तर खड्डा तसाच राहायचा.

“जंताचं औषध कधी पाजलं होतं?”

“औषध कशाला? बुरशी चालू हाय की तीन आठवडे.”

असं म्हणून त्यांनी गोठ्याच्या कोनाड्यातून पुडी काढली. डाळिंबाची. रोज मूठभर भुशात कालवून देत होते.

“आण्णा, ही झाडाची आहे.”

“सूत्रकृमी म्हंजी जंतच ना, डॉक्टर? मुळीतला मरतो तर पोटातला का मरंना?”

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून उत्तर नीट दिलं. पॅसिलोमायसिस जमिनीत मुळांवरच्या गाठीजवळची अंडी पोखरते. शेळीच्या पोटातल्या उष्णतेतून आणि रसांतून जिवंत निघून लेंडीत जाळी विणणं हे तिचं काम नाही. जंत धरणाऱ्या बुरशी मातीत पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेक शेळीनं खाल्ल्या तर पचून जातात. डडिंग्टोनिया निवडली गेली ती तिच्या बीजाणूंच्या जाड भिंतीमुळे. शिवाय पॅसिलोमायसिसमुळे माणसांच्या डोळ्यांना संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, आणि आण्णा ती भुकटी उघड्या हातानं, वाऱ्यात कालवत होते.

दोन शेळ्या त्याच रात्री गेल्या. सकाळी एकीचं चौथं पोट उघडलं, तर आतल्या अस्तरावर जंतांचा गालिचा. आण्णांनी तो पाहिला, मग पुडीकडे पाहिलं, आणि काही न बोलता बाहेर गेले. उरलेल्या शेळ्यांना वजन करून औषध पाजलं, चौदा दिवसांनी लेंडी तपासली, तेव्हा कुठे कळप सावरला.

याचीच धाकटी भावंडं म्हणजे रानातली माती आणून पेंडीत मिसळणं, भातावर घरी बुरशी ‘उगवणं’ आणि दुसऱ्याच्या शेतातल्या कुजलेल्या शेणाचं विरजण लावणं. विरजण दह्याला लावतात. घरच्या भातावर काय उगवलंय ते तुम्हाला दिसत नाही, मलाही दिसणार नाही, आणि त्यातल्या एखाद्या बुरशीचं विष शेळीच्या यकृताला पुरेसं असतं.

अंडी मोजून नापास करणं

ही चूक मी स्वतः केली, म्हणून तिला जरा जागा देतो.

पहिल्या हंगामात दर पंधरा दिवसांनी लेंडी तपासायचो. बुरशी सुरू करून महिना झाला, तरी एका ग्रॅममधली अंडी जिथल्या तिथे. मित्राला फोन करून तावातावानं म्हणालो, तुझी बुरशी फुकट आहे. तो म्हणाला, अरे, अंडी शेळीच्या पोटातला जंत घालतो, त्याला बुरशीनं हात कुठे लावलाय? तू बरणी लावलीस का?

बरणी लावली नव्हती. आता प्रत्येकाला आधी तेच सांगतो. बुरशी दिलेल्या शेळीच्या लेंड्या एका काचेच्या बरणीत, न दिलेल्या शेळीच्या दुसरीत. दोन्हीतल्या शेळ्यांची अंडी आधी मोजलेली हवीत, नाहीतर तुलना कशाशी करणार? लेंड्या हलक्या फोडायच्या, ओलसर ठेवायच्या पण चिखल नाही, झाकण किंचित उघडं. सात दिवसांनी मलमलीत बांधून पाण्यात टांगायच्या आणि खाली उतरलेल्या अळ्या मोजायच्या. पहिल्यांदा केलं तेव्हा न दिलेल्या बरणीच्या थेंबात अळ्यांची गर्दी होती. दिलेल्या बरणीत तुरळक. मग त्या बरणीतली एक लेंडी काचपट्टीवर घेतली. तिथे एक अळी मानेजवळ तीन कड्यांत अडकलेली, शेपटी अजून आपटत होती. तासाभरानं पुन्हा पाहिलं तेव्हा शेपटी थांबली होती.

तुरळक म्हणजे शून्य नव्हे. दहांतल्या दोन-तीन निसटतातच. ज्यांना शून्य हवं त्यांनी शेळ्या पाळूच नयेत.

कळपातली अंडी कमी होतात, पण उशिरा. कुरणावर नवी अळी कमी चढली की शेळीला नवा जंत कमी लागतो. त्यातही आधी पडलेल्या अळ्या गवतावर महिना-दीड महिना जगतात. आठ दिवसांत फरक मागणाऱ्याला मी बुरशी देतच नाही.

उरलेल्या चुका

औषध न पाजता सुरुवात करणं. पोटात आधीच जंत भरलेत तर आधी वजन करून (अंदाजानं नव्हे, अंदाज नेहमी कमीच निघतो) योग्य औषध पाजा, मग बुरशी. मात्र सरसकट सगळ्यांना पाजून लगेच कोऱ्या कुरणात हाकलू नका, तिथे फक्त औषधाला न मरणाऱ्या जंतांची पैदास होते. मी पापणी बघून अशक्तांना पाजतो, तगड्यांना सोडतो.

खाडे. बीजाणू थांबले की दोन-चार दिवसांत लेंडीही कोरी होते. ‘आठवण आली तेव्हा दिलं’ हे बैलपोळ्याला चालतं, इथे नाही.

कमी मात्रा. ऑस्ट्रेलियात रोज किलोमागे ३०,००० बीजाणू देतात, म्हणजे तीस किलोच्या शेळीला ९ लाख. ‘चिमूटभर’ हे माप नाही.

सगळ्यांना एकाच गव्हाणीत टाकणं. शिंगवाली म्हातारी सगळं खाते, पिल्लं तोंड बघत राहतात, आणि कुरणावर अळ्यांचा खरा पुरवठा पिल्लांच्याच लेंडीतून होतो. पिल्लांचं वेगळं पातेलं ठेवा. एवढंही जमत नसेल तर बाकीचं वाचू नका.

गरम आंबोणात कालवणं. शिजवलेलं खाद्य हाताला गार लागेपर्यंत थांबा. गुळाच्या पाण्यात भिजवून दोन दिवस ठेवू नका. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात पोतं ठेवलेल्यांची तर गोष्टच वेगळी.

थायरम, म्हणजे बुरशीनाशक, लावलेलं बियाणं शेळ्यांना घालणं. तसं ते घालायचंच नसतं. पण ते घालून वर बुरशी चालत नाही म्हणणारे मला दोघे भेटलेत.

गोठ्यात बांधून कापलेला चारा घालणाऱ्यांनी बुरशीवर पैसे घालणं. शेळी लेंडीजवळचं गवत खातच नसेल तर पकडायच्या अळ्या कुठे आहेत? मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात खतासाठी बसवता, तिथल्या लेंड्यांचंही तेच. मेंढी पुन्हा तिथे चरायला येत नाही.

यकृतातल्या चपट्या कृमीसाठी किंवा पट्टकृमीसाठी बुरशी मागणं. एकाचा फेरा पाण्यातल्या गोगलगायीतून, दुसऱ्याचा मातीतल्या बारीक किड्यांतून. लेंडीतल्या बुरशीचा संबंध येत नाही.

आणि वेळ. आमच्याकडे खरा जोर परतीच्या पावसात, भाद्रपद-अश्विनात. लोक तेव्हाच जागे होतात, शेळी खाली बसल्यावर. बुरशी मृगाच्या पावसापासून लावायला हवी, गवताला पालवी फुटायच्या आत. दिवाळीनंतर रान वाळलं की थांबवा. परवा एकानं मे महिन्यात विचारलं, आता देऊ का? त्याच्या दावणीतली लेंडी उचलून चिमटीत दाबली. तिचा भुगा झाला. म्हटलं, यात अळीच जगत नाही, बुरशीनं धरायचं कुणाला? मृग लागल्यावर फोन करा, आणि येताना काटा घेऊन या, शेळ्यांची वजनं करायची आहेत.