कमी वॉटचा, हाताने बनवलेला ट्यूब अ‍ॅम्प घेताय? या चुका टाळा

५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, घरी पूर्ण आवाजात लावला की शेजारी दार ठोठावतात. तोच अ‍ॅम्प ड्रमरच्या बाजूला ठेवला की गिटार हरवते. हे कोडं मला वेळेत सुटलं नाही, म्हणून माझे पहिले पैसे चुकीच्या अ‍ॅम्पवर गेले.

वॉट म्हणजे आवाज, असं समजणं

९८ डेसिबलच्या स्पीकरवर (म्हणजे १ वॉट दिल्यावर एक मीटरवर ९८ डेसिबल देणाऱ्या) ५ वॉट पूर्ण लावले तर एक मीटरवर साधारण १०५ डेसिबल मिळतात. फ्लॅटमध्ये एवढा आवाज सहन होत नाही. ५० वॉटचा अ‍ॅम्प याच्या वर फक्त १० डेसिबल जातो, म्हणजे कानाला साधारण दुप्पट. वॉट दुप्पट केले तर वाढ जेमतेम ३ डेसिबलची. मग स्टेजवर ५ वॉट का पुरत नाहीत? कारण तिथे स्वच्छ आवाज लागतो, आणि छोटा अ‍ॅम्प ड्रमपर्यंत पोचायच्या आधीच फाटायला, म्हणजे डिस्टॉर्ट व्हायला, लागतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा, मला फाटलेला आवाज हवा आहे की स्वच्छ? ब्लूज किंवा रॉक वाजवणाऱ्याला १५ वॉट बहुतेक ठिकाणी पुरतात, आणि मोठ्या हॉलमध्ये अ‍ॅम्पसमोर माइक लावता येतो. पण ऑर्केस्ट्रात जुन्या गाण्यांचे कॉर्ड आणि इंट्रोचे पीस वाजवायचे असतील, तर कमी वॉटचा अ‍ॅम्प ऐन कार्यक्रमात दगा देईल.

हँडमेड अ‍ॅम्प बहुधा चार-पाच जुन्या सर्किटांवरून बनतात. फेंडर चॅम्पमध्ये एकच ६व्ही६ (ही पॉवर ट्यूब) आणि सुमारे ५ वॉट. ट्वीड डीलक्समध्ये, म्हणजे ५ई३ सर्किटमध्ये, दोन ६व्ही६ आणि सुमारे १२ वॉट. व्हॉक्स एसी१५ आणि साठच्या दशकातला मार्शलचा १८ वॉटवाला, दोन्हींत दोन ईएल८४ पॉवर ट्यूब. बनवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: यातलं कोणतं? ५ई३ मला फार आवडतो, पण त्याचा व्हॉल्यूम मध्यावर येण्याआधीच स्वच्छपणा संपतो. पुढे फक्त फाट वाढते आणि बास सैल होतो. हे माहीत असून घेतलात तर त्यासारखं सुख नाही.

स्पीकरकडे दुर्लक्ष

९४ डेसिबलच्या स्पीकरऐवजी १०० डेसिबलचा लावला तर ६ डेसिबल मिळतात, म्हणजे वॉट चौपट केल्यासारखं. सेलेस्टियन ब्लू हा स्पीकर १०० डेसिबलचा आहे, पण सोसतो १५ वॉटच. १८ वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण आवाजात लावला की छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त वॉट देतो, तेव्हा एकट्या ब्लूवर तो जोडू नका.

वीज

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. अमेरिकेत बनलेला अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी असतो. तो थेट आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या सॉकेटमध्ये घातला तर नशिबानं फ्यूज उडेल, नाहीतर पॉवर ट्रान्सफॉर्मरच जाईल. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून काम भागतं, पण फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. ऑर्डर देतानाच २३० किंवा २४० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मागा. कार्यक्रमाच्या जागी सॉकेटचं व्होल्टेज मल्टिमीटरने बघायची सवय लावा, विशेषतः जनरेटरवर.

आणि अर्थिंग. घरघर थांबवायला अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. कृपा करून हे कधीच करू नका. १९७२ साली स्वान्सीमध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून, विजेचा धक्का बसून स्टेजवरच गेला. हातात गिटारच्या तारा असतात आणि ओठांजवळ माइक. घरघर मिक्सरला लाइन आउट जोडल्यावरच येत असेल, तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जोडणारी मधली पेटी) लावा आणि अ‍ॅम्प व मिक्सर विजेच्या एकाच बोर्डवर घ्या.

रेकॉर्डिंगसाठी स्पीकर काढून वाजवणं

ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. रात्री शांतपणे रेकॉर्ड करायचं असेल तर रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स घ्या, म्हणजे स्पीकरच्या जागी जोडायची, आवाज न करणारी पेटी. बॉक्स आणि अ‍ॅम्प दोन्हींचे ओहम जुळवा, आणि मधली केबल गिटारची नको, स्पीकरचीच हवी. पैसे कमी असतील तर सोपा मार्ग आहे: दिवसा, दार बंद करून, स्पीकरसमोर एक एसएम५७ माइक.

बिघाड कुठे आहे?

घरघर असेल तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही राहिली तर दोष बहुधा पॉवर भागात, फिल्टर कपॅसिटर किंवा न जुळणाऱ्या पॉवर ट्यूबमध्ये. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर प्रीअ‍ॅम्प (अ‍ॅम्पचा पहिला टप्पा), केबल किंवा पिकअप तपासा. पेन्सिलने ट्यूबला हलकी टिचकी मारा. टणकार स्पीकरमधून घुमला तर ती मायक्रोफोनिक झाली आहे, आणि कॉम्बोमध्ये (अ‍ॅम्प व स्पीकर एकाच पेटीत) स्पीकरच्या हादऱ्यांमुळे हे लवकर जाणवतं. काचेवर निळी झाक दिसली तर घाबरू नका. पण आतली पत्र्याची प्लेट लाल झाली तर त्याच क्षणी बंद करा. आतले कपॅसिटर अ‍ॅम्प बंद झाल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसतात, म्हणून स्वतः उघडू नका.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांमागचे भाग) आणि ट्यूबचे सॉकेट साफ करून घ्या.

खरेदीच्या दिवशी

आतला फोटो आणि व्होल्टेज लिहिलेला सर्किटचा नकाशा आधीच मागून घ्या. जो बनवणारा हे द्यायला का-कू करतो, त्याच्याकडून मी घेत नाही, कारण उद्या दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात हाच कागद लागणार. मग आपली गिटार आणि शक्य असेल तर ड्रमर सोबत घेऊन जा. अर्धा तास सलग वाजवा. अ‍ॅम्प चांगला तापल्यावर गिटारचा व्हॉल्यूम ३ वर आणून एक मोकळा ई कॉर्ड छेडा आणि सगळ्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का ते बघा.