नवा टीव्ही आणलाय ना, मग आधी हे सगळं बंद करा

सेल लागला की घरोघरी ४३ नाहीतर ५५ इंची टीव्ही येतो, इन्स्टॉलेशनवाला मुलगा येतो, ड्रिल मारतो, भिंतीवर टांगतो, वायफायचा पासवर्ड विचारतो, समोर येईल त्या पानावर धडाधड 'ॲग्री' दाबतो, सही घेतो आणि पळतो. आणि मग ते घर पुढची सात-आठ वर्षं तो टीव्ही तस्साच बघतं. हिरोईनचा चेहरा केशरी, गवत रेडियमचं, डायलॉग ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की वरच्या मजल्यावरचे खाली येतात. लोकांना वाटतं आपला टीव्हीच भंगार निघाला. तर तसं नसतं हो. टीव्ही दुकानात शेजारच्या दहा टीव्हींमध्ये उठून दिसावा म्हणून सेट केलेला असतो, तुमच्या हॉलसाठी नाही, आणि हे बदलायला एक पैसाही लागत नाही, फक्त रिमोट घेऊन अर्धा तास मेन्यूत शिरायचं. माझं तर मत आहे की चाळीस हजाराचा टीव्ही नीट सेट केला तर तो लाखाच्या तसाच सोडलेल्या टीव्हीपेक्षा बरा दिसतो. भांडायचं असेल तर भांडा.

सगळ्यात आधी पिक्चर मोड. तिथे 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर ते ताबडतोब काढा आणि 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा असेल तर 'फिल्ममेकर मोड' लावा (हा २०१९ मध्ये जाहीर झाला, सिनेमा बनवणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार चित्र दाखवायचं, टीव्हीने मध्ये शहाणपणा करायचा नाही, हीच त्याची आयडिया). आता पहिल्यांदा लावल्यावर घरातले सगळे बोंबलणार की पिवळं दिसतंय, काविळीसारखं झालंय, जुनं बरं होतं. त्यांना दोन दिवस थांबा म्हणायचं. आपल्या डोळ्याला निळसर पांढऱ्याची सवय लागलेली असते म्हणून तसं वाटतं. दोन दिवसांनी परत व्हिव्हिड लावून दाखवा, तेच लोक डोळे चोळतील. दुपारी उन्हं आत येत असतील तर ब्राइटनेस किंवा बॅकलाइट वाढवा हवं तर, पण मोड बदलू नका.

मेन्यूत आहातच तर 'एनर्जी सेव्हिंग' किंवा 'इको' नावाचं जे असतं तेही बंद करा. खोलीतला उजेड बघून टीव्ही आपोआप मंद होतो आणि रात्रीच्या सीनमध्ये नुसता काळा पडदा, कोण कुणाला मारतंय काही कळत नाही, आणि आपण शिव्या घालतो कॅमेरामनला.

मग येतं ते माझं सगळ्यात नावडतं, मोशन स्मूदिंग. सॅमसंगमध्ये त्याला 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' म्हणतात, एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो', बाकीच्यांत एमईएमसी वगैरे. होतं काय, की सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो, टीव्हीचं पॅनल सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र बदलतं, तर हा टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने काल्पनिक फ्रेम बनवून घुसडतो. त्यामुळे सगळं गुळगुळीत सरकायला लागतं आणि शेकडो कोटींचा सिनेमा मावसभावाच्या लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. हा वैताग फक्त माझा नाही, डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीला सोबत घेऊन खास व्हिडिओ टाकला होता की बाबांनो घरी सिनेमा बघताना हे बंद करा. इतकं सांगूनही कंपन्या ते चालूच ठेवून पाठवतात, कारण दुकानात गुळगुळीत छान वाटतं. क्रिकेटला चालू ठेवलं तर माझी काही हरकत नाही, काहींना बॉल नीट दिसतो म्हणे. सिनेमाला मात्र बंद म्हणजे बंद.

केबल किंवा डिशवर चॅनलच्या कोपऱ्यातला लोगो नाहीतर खालच्या बातम्यांची पट्टी कापली जात असेल तर पिक्चर साइजमध्ये 'फिट टू स्क्रीन' किंवा 'जस्ट स्कॅन' करा. आणि माणसं बुटकी जाडी दिसत असतील तर तो टीव्हीचा दोष नाही, कुणीतरी जुन्या चौकोनी चित्राला ताणलंय, १६:९ चं ऑटो करा. बाजूला काळे पट्टे येतील, येऊ देत. "पूर्ण स्क्रीनचे पैसे दिलेत" म्हणून नटांना जाडं करणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांच्यापुढे माझंही काही चालत नाही.

आता आवाज. हा खरा घराघरातला तंटा. रात्री दहानंतर दोघं कुजबुजतायत म्हणून आवाज ३५ वर न्यायचा, तेवढ्यात दार फुटतं, गोळीबार, बाळ उठतं, परत १२ वर आणायचा, परत कुजबुज. एक माणूस कायम रिमोट धरून ड्युटीवर. कारण साधं आहे, ओटीटीवरचा बराच माल ५.१ साउंडमध्ये (म्हणजे सहा स्पीकरसाठी सहा वेगळे चॅनल) असतो, त्यात डायलॉग मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात आणि तुमच्या पातळ टीव्हीला मधला स्पीकरच नाही, दोन छोटे स्पीकर खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड करून बसलेत. मग ते सहा चॅनल दोनात कोंबले जातात आणि चिरडला जातो तो डायलॉग. उपाय असा की ॲपमध्ये सिनेमा चालू असताना ऑडिओचा मेन्यू उघडा, तिथे तीच भाषा ५.१ आणि साधी अशी दोनदा दिसली तर साधी घ्या. नंतर टीव्हीच्या साउंडमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' असं जे काही असेल ते चालू, 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' चालू, आणि ते 'सराउंड' 'थिएटर' 'स्टेडियम' वगैरे सगळं बंद, त्याने नुसता घुमतो आवाज. एवढं करूनही जमलं नाही तरच साउंडबारचा विचार करा, आणि घेतलाच तर मधला चॅनल असलेला म्हणजे ३.१ घ्या, नाहीतर दणदण वाढेल आणि डायलॉग होते तिथेच राहतील. तो लावताना टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआयवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय त्यातच वायर घाला, आणि टीव्हीत एचडीएमआय-सीईसी चालू करा (सॅमसंग त्याला 'एनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिंपलिंक', प्रत्येकाचं बारसं वेगळं), म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमीजास्त होतो.

जाहिरातींच्या आवाजाचं मात्र तुमच्या हातात फारसं नाही. केबल टीव्हीच्या नियमात लिहिलेलं आहे की तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत आणि त्यांचा आवाज फार मोठा नको. आज रात्री सिरियलचा ब्रेक लागला की ऐकून बघा आणि तुम्हीच ठरवा. ओटीटीला पळून जावं तर तिथेही तेच, प्राइम व्हिडिओने जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू केल्या आणि त्या घालवायला वर वेगळे पैसे. म्हणजे आधी जाहिराती नाहीत म्हणून पैसे घेतले आणि आता जाहिराती काढायचे पैसे.

आता आईबाबांचा टीव्ही, हे नीट वाचा कारण इथे तुमचे खरे फोन वाचतात. "अरे, टीव्हीवर काहीतरी इंग्लिश आलंय" हा फोन आला की समजायचं सोर्स बदललाय. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय एकवर आहे आणि टीव्ही स्वतःच्या होम स्क्रीनवर जाऊन बसलाय. यावर टीव्हीच्या जनरल सेटिंगमध्ये शोधा, सुरू झाल्यावर होम उघडू नकोस, शेवटचा सोर्स उघड, अशा अर्थाचा ऑप्शन बऱ्याच टीव्हींत असतो. सॅमसंगमध्ये 'ऑटोरन स्मार्ट हब' बंद करायचं, एलजीत 'होम ऑटो लॉन्च'. मग टीव्ही लावला की थेट मराठी चॅनल. दुसरं, दोन रिमोटचा घोळ मिटवा. अनेक सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्ही ऑन-ऑफ आणि आवाजाची बटणं शिकवता येतात, दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबायचं की बॉक्सच्या रिमोटची लाइट ब्लिंक होते, झालं. नेमकं कुठलं बटण किती वेळ धरायचं ते कंपनीप्रमाणे बदलतं, मॉडेलचं नाव टाकून युट्यूबवर बघा. शिकवून झालं की टीव्हीचा रिमोट कपाटात टाका.

आणि दोन्ही रिमोट लागणारच असतील तर टीव्हीच्या रिमोटवरच्या त्या ओटीटीच्या रंगीत बटणांचं काहीतरी करा, कारण आवाज वाढवायला जाताना अंगठा तिथेच पडतो. नुसती सेलोटेप लावून उपयोग नाही, टेपवरूनही बटण दाबलं जातं. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचा बटणापेक्षा जरा मोठा तुकडा कापा, मधोमध ब्लेडने थोडा खोलगट खरवडा, म्हणजे त्याच्या कडा आजूबाजूच्या प्लास्टिकवर टेकतात आणि बटण खाली मोकळं राहतं. वरून टेप. आता कितीही दाबा, काही होत नाही. दिसायला गावठी, पण हमखास चालतं.

गूगल टीव्ही असेल तर अकाउंटच्या सेटिंगमध्ये 'ॲप्स ओन्ली मोड' आहे, तो लावला की होम स्क्रीनवरचा तो शिफारशींचा बाजार बराच कमी होतो. नेटफ्लिक्सवर नुसतं पोस्टरवर थांबलं की ट्रेलर किंचाळायला लागतो ना, तेही बंद होतं. ब्राउझरमधून अकाउंटमध्ये जाऊन प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले प्रिव्ह्यूज'ची टिक काढायची, प्रत्येक प्रोफाइलला वेगळी. २०२० च्या आधी तर ही सोयसुद्धा नव्हती.

तुम्ही टीव्ही बघता तसं टीव्हीही बघत असतो तुम्ही काय बघता ते, स्क्रीनवरचं चित्र ओळखून. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीला यावरून २२ लाख डॉलर मोजावे लागले होते. सेटिंगमध्ये प्रायव्हसी किंवा टर्म्स अशा पानात 'व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन' (सॅमसंग) किंवा 'लाइव्ह प्लस' (एलजी) दिसेल, काढून टाका. इन्स्टॉलेशनवाल्याने 'ॲग्री' दाबलेलं असतंय ते हेच.

दोन-तीन वर्षांत टीव्ही स्लो होतो, ॲप उघडेपर्यंत चहा होतो. लगेच नवा घेऊ नका. आत रॅम एखाद-दीड जीबी, स्टोरेज आठ जीबी, त्यात सतरा ॲप्स. न लागणारी काढा, उरलेल्यांचा कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा आणि टीव्ही भिंतीवरच्या बटणाने पूर्ण बंद करून मिनिटभराने लावा, कारण रिमोटने बंद केला तर तो बऱ्याचदा नुसता झोपतो. तरी नाही सुधारला तर तीन-चार हजाराची स्टिक (एचडीएमआयमध्ये खुपसायची, ॲप्स तीच चालवते) लावा, पॅनल चांगलं आहे तोवर टीव्ही बदलायचं कारण नाही. फायर स्टिक घेतली तर डिस्प्ले सेटिंगमध्ये 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' चालू करायला विसरू नका, म्हणजे २४ फ्रेमचा सिनेमा २४ नेच टीव्हीला जातो.

ॲप काढलं म्हणजे पैसे कटायचे थांबले असं मात्र नाही, यात भले भले फसतात. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅंडेट' (म्हणजे आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी) म्हणून पान असतं, तिथे सगळे चालू मॅंडेट दिसतात, नको ते तिथूनच रद्द. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कटायच्या किमान २४ तास आधी मेसेज यावा लागतो, पण १५,००० पर्यंत दर वेळी ओटीपी विचारत नाहीत, त्यामुळे तो मेसेज वाचला नाही तर गेले.

मॅचसाठी मात्र शक्यतो डिश किंवा केबल ठेवा. ॲपवरची लाइव्ह मॅच मागे चालते, शेजारी सिक्सर म्हणून ओरडतात आणि आपल्याकडे बोलर अजून रनअपला वळतोय. यावर सेटिंग नाही. ॲपवरच बघायची असेल तर फोनचं नेट बंद, फॅमिली ग्रुप म्यूट आणि खिडकी लावून घ्या. महिन्याचे पैसे नको असतील तर डीडी फ्री डिश आहे, एकदा छत्री आणि बॉक्सचा खर्च की झालं, २००७ च्या कायद्याने भारताच्या महत्त्वाच्या मॅचेस प्रसार भारतीला द्याव्या लागतात त्या तिथे दिसतात, सह्याद्रीही असतं.

सगळं मनासारखं लागलं की प्रत्येक सेटिंगच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअर अपडेट आलं की कधीकधी सगळं मूळपदावर जातं, आणि चेक करताना मोशनपासून सुरुवात करा, परत चालू व्हायला ते सगळ्यात उतावीळ असतं.